आईचा इंटरनेट रेडिओ

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही तिला टेबलावर ठेवायचा इंटरनेट रेडिओ आणला. जुन्या ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणी पुणे लावले की घरातले एलईडी दिवे नुसती खरखर ऐकवतात, म्हणून हा खटाटोप केला. परंतु फोनला दिसणारे आमचे वाय-फाय या रेडिओला दिसतच नाही. शेजाऱ्यांच्या वाय-फायवर तो लावून पाहिला, तर बातम्या ट्रान्झिस्टरपेक्षा बऱ्याच उशिरा सुरू झाल्या. रेडिओत दोष आहे काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेजाऱ्यांकडे तो वाजला, त्याअर्थी रेडिओ ठीक असावा. बहुधा आपल्या राउटरवर वाय-फाय लहरींचा केवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे आणि या प्रकारच्या बऱ्याच रेडिओंना फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच समजतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा पट्टा चालू करून त्याला वेगळे नाव द्यावे. हा पट्टा भिंतींतून अधिक चांगला पार होत असल्यामुळे राउटर हॉलमध्ये आणि रेडिओ स्वयंपाकघरात असला तरी सहसा अडचण येत नाही. तरीही जोडणी झाली नाही, तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवरून डब्ल्यूपीए-२ या जुन्या पद्धतीवर आणून पाहावी. पासवर्ड बटण फिरवून एकेक अक्षर निवडत भरावा लागतो आणि त्यात लहान-मोठ्या लिपीची गल्लत हमखास होते. ते काम आईंवर सोपवू नये.

केंद्र शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे २०२३ पासून 'आकाशवाणी' हेच नाव वापरले जात असले, तरी रेडिओतील यादीत अजून 'एआयआर' (ऑल इंडिया रेडिओ) हे जुने लघुरूप असू शकते, म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा. ही यादी रेडिओत साठवलेली नसून दूरच्या एखाद्या सर्व्हरवरून येते. २०२१ साली रेसिवा ही अशी सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेले सुस्थितीतले रेडिओ मुके झाले. त्यामुळे ब्लूटूथची सोय असलेला रेडिओ मला अधिक भरवशाचा वाटतो. यादीने दगा दिला तरी फोनवरील आकाशवाणीचे न्यूजऑनएअर अ‍ॅप त्यातून ऐकता येते. केंद्र सापडले की ते पहिल्या क्रमांकाच्या बटणावर साठवून द्यावे, म्हणजे आईंना यादीत शिरावेच लागणार नाही.

उशिराचे कारण साधे आहे. आवाज खंडू नये म्हणून प्रक्षेपणाचा काही भाग आधी साठवून मग वाजवला जातो, शिवाय सर्व्हरपासून घरापर्यंतच्या प्रवासात आणखी वेळ जातो. हा फरक अर्ध्या मिनिटापर्यंतही जाऊ शकतो, तेव्हा वेळ सांगणाऱ्या ठोक्यांवर घड्याळ लावू नये. डेटाची चिंता नसावी, कारण १२८ केबीपीएसच्या प्रक्षेपणाला तासाला साधारण ५८ एमबी लागतात.

राउटर इन्व्हर्टरवर नसेल, तर वीज जाताच हा रेडिओ गप्प होईल. ट्रान्झिस्टर मोडीत काढू नये. दिवेच बंद असल्याने तेव्हा त्याची खरखरही नसेल.