अभ्यासाला बसलं की रडणाऱ्या मुलाबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा. दुसरीपर्यंत त्याला कधी अभ्यासाला बसवावं लागलं नाही. आता गणिताची वही काढली की आधी तहान लागते, मग पोट दुखतं, मग रडू येतं, आणि परवा तर त्याने पानच टराटरा फाडलं. अभ्यास केला की स्टिकर लावायचा तक्ता तीन आठवडे चालला आणि बंद पडला. घरातले मोठे म्हणतात, लाडावून ठेवलाय, जरा धाकात ठेवा. त्या दिवशी तुमच्या तोंडून 'तुझ्याच्याने काही होणार नाही' असं निघून गेलं आणि ते तुम्हाला अजून खातंय. गोडी परत कशी लावायची, असं तुम्ही विचारलंय.

मी तेवीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवतेय आणि घरी दोन वाढवलीत. त्यावरून सांगते, गोडीचा विषय थोडे दिवस बाजूला ठेवा. तुमच्या मुलाला गणित करताना स्वतःबद्दल काहीतरी फार वाईट वाटतंय आणि त्या वाटण्यापासून तो पळतोय. ते वाटणं जोवर तसंच आहे, तोवर बक्षीस, धाक, समजूत, सगळं वरच्यावर निघून जाईल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीत एक मुलगी होती. भारी बोलकी, गोष्ट सांगायला लागली की थांबायची नाही. भागाकार आला की मात्र गप्प. 'आळशीपणा करतेस' असं मी तिला दोनदा म्हटलं होतं, ते मला आजही सलतं. एक दिवस तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि काही न बोलता नुसती बघत राहिले. गणित होतं ४०३ भागिले ७. 'सात पाचे पस्तीस' तिने बरोबर म्हटलं, वर पाच लिहिले, ४० च्या खाली ३५ मांडले. वजाबाकी केली आणि लिहिले १५. वरचे ३ खाली घेतले, झाले १५३. मग सातचा पाढा म्हणत सत्तरपर्यंत गेली आणि पाढाच संपला. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा १५. पुन्हा खोडलं. चौथ्यांदा खोडताना कागद फाटला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी ते भोक झाकून घेतलं. मला दिसू नये म्हणून.

तिला पाढे येत होते, भागाकाराची रीतही येत होती. अडत होतं ते चाळीसातून पस्तीस इथे. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून ती उलट करायची, पाचातून शून्य आणि चारातून तीन. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे कधीतरी कानावर पडलेलं वाक्य तिने नियम म्हणून घट्ट धरून ठेवलं होतं. हातच्याची वजाबाकी तिला कधी उमगलीच नव्हती आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी तिला दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या दिल्या आणि म्हटलं, यातल्या पस्तीस मला दे. तिने तीन जुड्या दिल्या आणि चौथीकडे बघत बसली. मग हळूच विचारलं, 'बाई, ही सोडू का?' रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या आणि हातात उरलेल्यांकडे बघून म्हणाली, 'पाचच?'

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की 'मला गणित येत नाही' असं मूल म्हणतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याला एक बारकीशी गोष्ट येत नसते. पण ती कोणती हे त्याला कळत नाही, म्हणून ते सगळं स्वतःवर ओढवून घेतं: मीच ढ आहे. तेव्हा तुमचं पहिलं काम हे. एकदा, फक्त एकदा, तो गणित करत असताना शेजारी बसा आणि हाताची घडी घालून बघा. दुरुस्त करू नका, सुस्कारा सोडू नका. पेन्सिल कुठे थांबते तेवढं टिपा. नंतर विचारा, 'इथे तू काय विचार केलास, मला सांग ना.' उत्तर बरोबर आलं तरी विचारा, नाहीतर 'आई विचारतेय म्हणजे चुकलंच' असं त्याला लगेच कळतं. जिथे अडलंय ते दोन इयत्ता मागचं निघालं, तर खुशाल मागे जा. त्यात काहीही कमीपणा नाही.

भीतीने नेमकं काय बिघडतं हेही माहीत असू द्या. गणित करताना आकडे थोडा वेळ डोक्यात धरून ठेवावे लागतात आणि ती जागा मुळातच अपुरी असते. 'चुकलं तर आई चिडेल', 'सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं' हे विचार तीच जागा अडवतात. म्हणून काल तोंडपाठ असलेलं सात आठे छप्पन्न आज तुमच्यासमोर आठवत नाही. तो मुद्दाम करतोय असं तुम्हाला वाटतं, पण त्याला त्या क्षणी खरंच आठवत नसतं. आवाज चढवला की आणखी जागा जाते. धाकाने मूल खुर्चीवर बसतं हे खरं आहे. शिकतं का, हा प्रश्न वेगळा.

आता स्टिकरचं. तो तक्ता बंद पडला यात तुमची चूक नाही, अशा तक्त्यांचा स्वभावच तसा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की रंगीत पेनांनी चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं आणि काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणजे नुकसान 'हे केलंस तर ते देईन' या सौद्याने होतं. तुमच्या मुलाला गणिताची आवड उरलेलीच नाही म्हणा, पण तक्त्याने त्याच्यावर एक ओझं वाढवलं: रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन भिंतीवरून रोज त्याच्याकडे बघायचा. काढून टाका तो. गाजावाजा न करता.

कौतुकाचंही थोडंसं असंच आहे. 'हुशार आहेस तू' हे आपण प्रेमाने म्हणतो. दुसरीपर्यंत त्याला सगळं पटापट येत होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हे त्याने खूपदा ऐकलं असणार. १९९८ मध्ये म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना हुशारीची शाबासकी दिली, काहींना मेहनतीची. पुढची कोडी मुद्दाम फार अवघड दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी आली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं पहिल्यापेक्षाही मागे पडली. हुशार म्हणून ओळख असलेल्या मुलाला चूक म्हणजे ती ओळखच गेल्यासारखी वाटते. मग चूक दिसण्यापेक्षा पान फाडलेलं परवडतं. तुमच्या मुलाचं ते पान मला तरी असंच दिसतं.

म्हणून जे दिसलं तेच बोला. 'दुसऱ्या पायरीवर थांबून तू परत तपासलंस, मी बघितलं.' बस, एवढंच. 'व्वा! शाब्बास! किती छान!' याची गरज नाही, मुलांना पोकळ कौतुक फार लवकर ओळखू येतं.

रडायला लागला की काय करायचं? आधी गणित बंद. वही मिटा, पण 'जाऊ दे, सोड' असं म्हणून नको. जवळ बसा आणि त्याला काय वाटत असेल ते शब्दांत म्हणा: 'पुन्हा तेच चुकलं म्हणून राग आलाय ना? आणि थोडी लाजही वाटतेय.' चुकीचा अंदाज असेल तर तो सांगेल, तेही चांगलंच. भावनेला नाव मिळालं की ती थोडी आवाक्यात येते, मोठ्यांचीही. 'रडण्यासारखं काय आहे त्यात' हे वाक्य मात्र तोंडाबाहेर काढू नका. त्याला आधीच रडण्याचीही लाज वाटत असते. शांत झाल्यावर परत बसायचं, पण एकच गणित, आणि ते त्याला नक्की जमेल असं. दिवस जमलेल्या गोष्टीवर संपला पाहिजे. उरलेला गृहपाठ राहिला तर राहू दे, शिक्षकांना तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहा. समजूतदार शिक्षक ऐकतात. नाही ऐकलं तर त्यांचं बोलणं तुम्ही खा, त्याला खायला लावू नका.

थोडी सत्ता त्याच्या हातात द्या. आधी कोणतं गणित, जमिनीवर की टेबलावर, खेळून आल्यावर की आधी, हे त्याने ठरवायचं. 'करायचं की नाही' हे मात्र त्याच्यावर सोडू नका, तो भार नऊ वर्षांच्या मुलाला पेलत नाही. डेसी आणि रायन हे दोन अभ्यासक अनेक दशकं हेच मांडत आले: माणूस आपणहून काही करतो ते आपल्याला थोडं ठरवता येतं, थोडं जमतं आणि आपली माणसं आपल्याला धरून आहेत असं वाटतं तेव्हा. तुमच्या घरात सध्या तिन्ही दोऱ्या एकदम सैल झाल्यात. तिसरी सगळ्यात आधी घट्ट करा. रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर असं काहीतरी करा ज्यात अभ्यासाचा शब्दही नाही आणि खेळ तो निवडतो. अभ्यास केला नाही म्हणून ही पंधरा मिनिटं कधीही कापू नका.

एक नाजूक गोष्ट. 'मलाही गणित कधी जमलं नाही' असं तुम्ही ओघात लिहिलंय. ज्या पालकांना गणिताची धास्ती असते, त्यांनी वारंवार गृहपाठात मदत केली तर लहान मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांची धास्ती वाढते, असं २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. हे वाचून खचू नका. घरात दुसरं कोणी शांतपणे बसू शकत असेल तर काही महिने गणित त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही वाचन घ्या. कोणीच नसेल तर तुम्ही विद्यार्थी व्हा, 'मला हे समजावून सांग' म्हणा. आणि 'मलाही नाही जमायचं' हे त्याच्यासमोर बोलणं आजपासून बंद.

डोळे आणि कान तपासून घ्या, ते लगेच होतं. अक्षरं-अंक उलटसुलट होणं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळणं, वयाच्या मानाने वाचन फार अडखळणं असं काही दिसत असेल, किंवा पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही असेल, झोप-भूक बिघडली असेल, 'मी कशालाच कामाचा नाही' असं तो म्हणत असेल, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे आणि मुलांच्या समुपदेशकाकडे जा.

राहिलं तुमचं ते वाक्य. त्याच्याकडे जाऊन सांगा: 'त्या दिवशी मी म्हणाले की तुझ्याच्याने काही होणार नाही. ते खोटं होतं. मला राग आवरला नाही, ती माझी चूक होती.' पुढे 'पण तूही' असं काही जोडू नका. डोळ्यात डोळे घालून बोलणं त्याला जड जाईल, म्हणून शेजारी शेजारी चालताना किंवा रात्री दिवा मालवल्यावर बोला. तो बहुतेक काहीच म्हणणार नाही, 'हं' करून कुशीवर वळेल. उत्तर मागू नका, तिथेच थोडा वेळ बसून राहा.