समास मोकळा ठेवा

प्रश्न : तीस वर्षांचा जिवलग मित्र गेला. त्याच्याबद्दल लिहायला बसतो, पण एक ओळ धड उतरत नाही. तुम्हाला सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन आवडतो. त्यानंही गेलेल्या मित्राबद्दल लिहिलं. त्याला हे कसं जमलं?

उत्तर : त्यालाही पटकन जमलं नाही. त्याचा मित्र ला बोएसी 1563 साली, बत्तिसाव्या वर्षी वारला. माँतेनचे ‘निबंध’ छापून आले 1580 मध्ये. त्यात त्यानं लिहिलं, की तो मला का आवडायचा हे शब्दांत सांगता येत नाही. बस, एवढंच! पुढे 1588 च्या आवृत्तीच्या स्वतःच्या प्रतीत, समासात, त्यानं हातानं भर घातली : ‘कारण तो, तो होता.’ मग वेगळ्या शाईनं, ‘कारण मी, मी होतो.’ मित्र जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती हो! ती प्रत आजही फ्रान्समधल्या बोर्दो शहरात जपलेली आहे.

आई गेल्यावर मी तिच्या हातच्या आमटीपासून सुरुवात केली होती. दोन ओळींत थांबले. तिसरी सहा वर्षांनी सुचली.

तुम्ही दोनशे पानी वही आणा. समास चांगला चार बोटं सोडा. आणि आज फक्त तो चहा कसा प्यायचा, तेवढंच लिहा.