सूज पायाला आणि टेस्ट संडासची?

काकू माझ्याशी जवळजवळ भांडायलाच आल्या होत्या. काका रिक्षावाले, पन्नाशी उलटलेली, लघवीतून प्रोटीन जाऊन पायाला सूज आली होती म्हणून डॉक्टर स्टेरॉइडचा मोठा डोस चालू करणार होते आणि त्याआधी जंतांसाठी शी तपासायला सांगितलं. "आमचं घर काय घाण आहे का मॅडम? आणि असले जंत तर नातीला १० फेब्रुवारीला शाळेत देतात ती गोळी ह्यांना पण द्या, विषय संपवा."

जंत म्हटलं की लोकांना घाण असंच ऐकू येतं, त्यामुळे मी घराबद्दल विचारतच नाही, गावाबद्दल विचारते. काका रायगडकडचे, पंचविशीपर्यंत भातलावणी, तीही अनवाणी, मग मुंबई. "पण त्याला ३० वर्षं झाली की!"

झाली, पण स्ट्राँगिलॉइडिस म्हणून एक बारीक जंत आहे, तो ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि त्याची काही पिल्लं बाहेर न पडता आतड्यातूनच परत अंगात घुसतात, म्हणून तो कितीही वर्षं राहतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मा रेल्वेवर राबलेल्या कैद्यांमध्ये तो ३० वर्षांनंतरही सापडला होता. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर गपचूप पडून असतो. स्टेरॉइडने ती दाबली की मात्र भराभर वाढतो, फुफ्फुसात जातो, आतड्यातले बॅक्टेरिया रक्तात नेतो, माणूस दगावू शकतो.

पहिला रिपोर्ट निल. काकू म्हणाल्या, बघा! पण पिल्लं शीतून रोज पडत नाहीत, एका टेस्टवर कधी जाऊ नये, रक्ताची पण टेस्ट असते. तेवढ्यात काका खाली बघत म्हणाले की कधीकधी कंबरेखाली लाल रेघ उठते, खाजते आणि तासाभरात पुढे सरकते. बायकोलाही सांगितलं नव्हतं (लाज, दुसरं काय). अशी सरकणारी रेघ ह्याच जंताची खूण असू शकते, मी उठून सरळ डॉक्टरांकडे गेले.

तिसऱ्या सँपलमध्ये सापडला. शाळेतली अल्बेंडाझोल बाकी जंतांना चांगली पण ह्याला कमी पडते, ह्याला आयव्हरमेक्टिन लागतं, वजनावर डोस, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने नका घेऊ.

"नातीला जवळ घेऊ ना?" काकांनी विचारलं. घ्या की, हा मातीतून लागतो, हात तेवढे साबणाने धुवा.

पुढच्या वेळी काकू एकट्याच आल्या, पिशवीतून हळूच डबी काढली. "लावणी मी पण केलीय मॅडम."