नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेचा आपत्कालीन आराखडा कसा लिहावा? चांगला नमुना कुठे मिळेल आणि तो किती पानांचा असावा?

तुम्ही लिहिलंय की गाव तापीकाठचं आहे, वस्ती ५० हजारांच्या घरात आहे, आणि जिल्ह्याच्या आराखड्याला जोडायला तुमच्या विभागाकडून पंधरा दिवसांत आराखडा मागितलाय. नमुना मिळाला की नावं बदलून देता येईल, असंही लिहिलंय. त्या शेवटच्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय.

नमुना घेऊ नका. खान्देशातल्या एका योजनेचा असा उतरवलेला आराखडा मी पाहिलाय. पानं १४०, त्यात मच्छीमारांना बंदरात परत बोलावण्याची कार्यपद्धत सव्वा पानभर. जॅकवेलवरचा (नदीतून पाणी उचलतो त्या विहिरीवरचा) जनरेटर कोणता पंप उचलू शकतो, याची एक ओळ कुठेही नव्हती. त्या एका ओळीअभावी गाव तीन दिवस बिनपाण्याचं राहिलं.

कायद्याचं थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ३१ म्हणजे जिल्ह्याचा आराखडा, आणि कलम ३२ प्रमाणे स्थानिक संस्थांनी स्वतःचा करायचा. कलमात काय काय हवं ते दिलेलं आहे, पानं किती ते कुठे नाही. माझं मत विचाराल तर जॅकवेलच्या भिंतीवर लावायचं एक पान, शुद्धीकरण केंद्राचं एक, टाक्यांचं एक, आणि बाकीचं फायलीत.

आता त्या गावातली ती रात्र. तुमच्याएवढंच गाव, ऑगस्टचा महिना, नदी भरून चाललेली. रात्री अकराच्या सुमारास एक्स्प्रेस फीडरचा, म्हणजे योजनेच्या स्वतंत्र वीजवाहिनीचा, खांब पडला. जनरेटर पहिल्या सेल्फला सुरू झाला, दिवे लागले, वर फोन गेला की सगळं ठीक आहे. मग ऑपरेटरने १०० एचपीच्या पंपाचं हिरवं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज एकदम बसला, ट्यूबलाइट पिवळ्या पडल्या आणि पॅनलमधून काँटॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) कटकट-कटकट सुरू झाली. बटण सोडलं, परत दाबलं. तिसऱ्या वेळी जळका वास आला. दार उघडलं तर काँटॅक्टरच्या तिन्ही टिपा, म्हणजे वीज जोडणारे बिंदू, वितळून जागीच चिकटलेल्या.

कारण साधं आहे. १०० एचपी म्हणजे ७५ किलोवॅट. ४१५ व्होल्टला ही मोटर चालताना साधारण १३० अँपिअर घेते. थेट सुरू केली तर सहापट, म्हणजे ७८० च्या आसपास. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) आणि मग पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) नेतो; त्याने स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, २६० अँपिअर, आणि स्टारवरून डेल्टावर जाताना झटका त्याहून मोठा. जनरेटर होता १२५ केव्हीए क्षमतेचा. तो पूर्ण भाराला १७४ अँपिअर देतो. मोटरने २६० ओढायला घेतले की व्होल्टेज कोसळतं. ते साठ-पासष्ट टक्क्यांखाली गेलं की काँटॅक्टरची कॉइल टिपा धरून ठेवू शकत नाही, सोडते. सोडली की भार सुटतो, व्होल्टेज वर येतं, कॉइल परत ओढते. सेकंदाला अनेकदा ही उघडझाप होते, आणि प्रत्येक वेळी टिपांवर ठिणगी.

खरेदीच्या वेळी मी हे लेखी दिलं होतं. उत्तर आलं: ७५ भागिले ०.८ (पॉवर फॅक्टर) म्हणजे ९४ केव्हीए, १२५ भरपूर झाला. हा चालत्या मोटरचा हिशोब आहे. जनरेटर निवडायचा तो मोटर सुरू होतानाच्या हिशोबावर. १०० एचपीला स्टार-डेल्टा असेल तर २५० केव्हीएच्या खाली बघू नका. तो ३४८ अँपिअर देतो. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) बसवला म्हणून लहान जनरेटर चालेल हाही गैरसमज आहे. तोसुद्धा अडीच-तीन पट करंट घेतोच.

दुसरा दोष त्याच रात्री पहाटे कळला. स्टोअरमध्ये ४० एचपीचा पंप पडून होता. त्याचा चालता करंट ५५ च्या आत, स्टारमध्ये ११० च्या आसपास, म्हणजे १२५ केव्हीएला तो सहज उचलता येतो. साडेतीनला जोडला, सुरूही झाला. वीस मिनिटांत जनरेटरच गुदमरून बंद पडला. डिझेल फिल्टर काढला तर आत काळा चिकट गाळ. तीन वर्षं दर सोमवारी तो पाच मिनिटं रिकामा चालवून रजिस्टरला 'ठीक' लिहिलं जात होतं. पाच मिनिटांत टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरपर्यंत ओढलाच जात नाही. शिवाय इंजिन तापत नाही, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं, टाकीत दमटपणाने पाणी धरतं. पावसाळ्यात तर धरतंच.

आणि तिसरा दोष, ज्याने खरं नुकसान केलं. सगळे जॅकवेलवर धावले. गावातली २० लाख लिटरची उंच टाकी रात्री भरलेली होती आणि तिचा आउटलेट उघडाच राहिला. व्हॉल्व्हमनला कोणी सांगितलं नाही, आणि न सांगता बंद करायचा अधिकार त्याला नव्हता. पहाटेपर्यंत टाकी कोरडी. माणशी १५ लिटर धरले तर ५० हजार लोकांना दिवसाला साडेसात लाख लिटर लागतात. म्हणजे अडीच दिवसांपेक्षा जास्त पुरेल एवढं पिण्याचं पाणी एका रात्रीत गेलं, त्यातलं निम्मं उघड्या नळांतून गटारीत. रिकाम्या लाइनमध्ये मग उलटा ओढा लागतो आणि जिथे लाइन गटारीतून गेलीय तिथे गळक्या जोडातून घाण आत येते. पुराच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जुलाबाचे रुग्ण वाढतात, त्याचं एक मोठं कारण हे.

म्हणून तुमच्या आराखड्याची पहिली ओळ ही घ्या: जॅकवेलची वीज गेली आणि १५ मिनिटांत आली नाही, तर टाक्यांचे आउटलेट बंद, हा निर्णय ड्यूटीवरचा ऑपरेटर घेईल, कोणाला विचारणार नाही. त्याखाली मुख्याधिकाऱ्यांची सही. ती सही नसेल तर रात्री एक वाजता कोणीही व्हॉल्व्हला हात लावत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

पुराच्या इशाऱ्याबद्दल. आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी तापी येते. बऱ्हाणपूरकडचं पाणी तापीतून, अकोला-बुलढाण्याकडचं पूर्णेतून, चांगदेवला दोन्ही एक होतात आणि पुढे हतनूर धरणाचे ४१ दरवाजे. निरोप येतो तो क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, हा घोळ फोनवर झालेला मी ऐकलाय. पण ऑपरेटरला दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही. त्याला पाणी कितव्या पायरीला लागलं ते कळतं. मागच्या पुरांच्या नोंदी काढा, इतका विसर्ग सुटला तेव्हा तुमच्या जॅकवेलला पाणी कुठवर आलं आणि किती तासांनी, ते जुळवा, आणि भिंतीवर रंगाचे पट्टे मारा. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागलं की गावातल्या सगळ्या टाक्या काठोकाठ भरायच्या, डिझेल मोजायचं, तुरटी आणि टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा वर उचलायचा. लाल पट्ट्याला पंप बंद, मेन स्विच खाली, माणसं बाहेर. लाल पट्टा पॅनलच्या उंचीवर मारू नका. केबलचा जोड आणि मोटरचा टर्मिनल बॉक्स यांत जो सगळ्यात खाली असेल त्याच्याही दोन फूट खाली मारा. शिवाय पुलावरून परतीची वाट आधी बुडत असेल, तर माणसं त्या वाटेच्या हिशोबाने निघतील.

पाणी उतरलं की लोकप्रतिनिधी येतात आणि 'मोटर चालू करा' म्हणतात. बुडालेली मोटर मेगर केल्याशिवाय, म्हणजे तिचं इन्सुलेशन मीटरने मोजल्याशिवाय, चालू करायची नाही. इन्सुलेशन दीड मेगाओमच्या खाली असेल तर वाइंडिंग जळणार. हॅलोजन लावून, हवा खेळती ठेवून सावकाश वाळवायची, घाई करून भाजायची नाही. दोन दिवस लागतात. ते दोन दिवस आराखड्यात लिहून ठेवा, म्हणजे दबाव कागदावर ढकलता येतो.

टँकर. सगळे आराखडे म्हणतात 'टँकरने पाणीपुरवठा करण्यात येईल'. साडेसात लाख लिटर म्हणजे १० हजार लिटरच्या ७५ खेपा. भरण्याच्या नळाला मिनिटाला ३०० लिटर येत असतील तर एक टँकर भरायला ३३ मिनिटं, लावायला-काढायला धरून ३५. एकाच ठिकाणी ७५ टँकर भरायला जवळपास ४४ तास लागतील. म्हणजे कितीही टँकर मागवले तरी ते रांगेत उभे राहणार. भरण्याच्या किमान तीन जागा आजच ठरवा, त्यांना जनरेटर कुठला ते लिहा. टँकरमधलं टीसीएलही मोजून टाका. १० हजार लिटरला २ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रेने २० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताजं ३३ टक्के टीसीएल असेल तर ६० ग्रॅम. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली राहिलेली गोणी २० टक्क्यांवर आलेली असू शकते, मग १०० ग्रॅम. मात्रा क्लोरोस्कोपने (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायच्या संचाने) ठरवा, नळाशी तो लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली येता कामा नये.

शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचे टनर (वायूची मोठी आडवी टाकी) असतील तर त्याचं पान वेगळं करा. टनरमध्ये ९०० किलो क्लोरीन असतो. वायू हवेपेक्षा अडीचपट जड, म्हणून तो खाली, नाल्यात, पायऱ्यांवरून उतरतो. अनेक आराखड्यांत 'गळतीवर पाण्याचा मारा करावा' असं असतं. हे चूक आहे. ओल्या क्लोरीनचं आम्ल होतं आणि भोक मोठं होतं. द्रव गळत असेल तर टनर फिरवून गळकी जागा वरच्या बाजूला आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू येतो. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त वायू होतो, हा फरक जीवाचा आहे. गळती शोधायला अमोनियाचा बोळा, पांढरा धूर दिसतो. कॅनिस्टरचा (हवा फक्त गाळणारा) मास्क घालून आत जायचं नाही, हवेच्या सिलिंडरचाच संच हवा, आणि आत एक तर दाराशी दुसरा तयार. पूर्ण टनरमधला क्लोरीन निष्प्रभ करायला साधारण एक टन कॉस्टिक सोडा लागतो, वर २० टक्के जादा धरा. छतावर वाऱ्याची पिशवी लावा. लोकांना वाऱ्याला आडवं काढायचं, वाऱ्यासोबत पळू द्यायचं नाही.

फोनची यादी नावाने करू नका, पदाने करा, आणि प्रत्येक पदाला दुसरा माणूस. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळे नंबर लावून बघा. १०७७, म्हणजे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. वीज कंपनीकडे तुमच्या फीडरचं नाव रुग्णालयाच्या रांगेत, म्हणजे वीज आधी सुरू करायच्या यादीत, लावून घ्या आणि त्याची पोच फायलीत ठेवा. डिझेलचंही ठरवा: २५० केव्हीएचा संच पाऊण भाराला तासाला ४० लिटरच्या आसपास पितो, ४०० लिटरची टाकी दहा तासांत संपते, आणि रात्री दोनला उधारीवर डिझेल देणारा पंप आधी लेखी बांधलेला नसेल तर मिळत नाही. त्या पंपालाही स्वतःचा जनरेटर आहे का, हे विचारा.

काही गोष्टी राहिल्या. मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर सुरुवातीचा करंट जवळपास चालत्या करंटएवढाच राहतो, तिथे माझा २५० चा आग्रह नाही. वर दिलेले अँपिअर अंदाजाचे आहेत, तुमच्या मोटरच्या पाटीवरचे आकडे घ्या आणि काम परवानाधारकाकडूनच करा. क्लोरीनचं प्रशिक्षण पुरवठादाराकडून प्रत्यक्ष घ्या, वाचून नाही. जनरेटरच्या खोलीत उन्हाळ्यात ५० च्या वर पारा जातो, तिथे संच पाटीवरचा पूर्ण भार देत नाही आणि बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. बॅटरी दोन वर्षांनी बदला, ती चालतेय असं वाटलं तरी.

पंधरा दिवसांत बाकी काही झालं नाही तरी एक करा. पुढच्या सोमवारी मेन स्विच खाली ओढा आणि जनरेटरवर तुमचा सगळ्यात मोठा पंप खरोखर सुरू करून अर्धा तास चालवा. डिझेल फार तर वीसेक लिटर लागेल. 'एवढा खर्च कशाला' असं वरून विचारलं जाईल, मलाही विचारलं होतं. रजिस्टरमध्ये 'ठीक' हा रकाना ठेवू नका. सुरू करतानाचं सगळ्यात कमी व्होल्टेज, चालतानाचे तिन्ही फेजचे अँपिअर, अर्ध्या तासानंतरचं इंजिनाचं तापमान, टाकीच्या तळाच्या नळातून काढलेलं पाणी किती मिलिलिटर, आणि सही. व्होल्टेज ३३० च्या खाली गेलं असेल तर तो आकडा लाल शाईने लिहून आराखड्याच्या पहिल्या पानाला जोडा आणि तसाच जिल्ह्याला पाठवा.