आधी कागदाची दिशा ओळखा
कागदकामात नवीन आहात म्हणून सांगतो, जीएसएमच्या आकड्यामागे फार लागू नका. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा, एवढंच तो सांगतो. आधी तंतूंची दिशा ओळखा. यंत्रात लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू त्याच दिशेने बसतात. कोपऱ्याचा तुकडा फाडून बघा. एकीकडून सरळ फाटतो, दुसरीकडून वेडावाकडा. घडी तंतूंच्या दिशेनेच घाला, नाहीतर जाड कागद घडीवर तडकलाच म्हणून समजा. वहीची शिवणही त्याच दिशेने. (हातकागदात ही भानगड जवळजवळ नसतेच.) आणि जुनी पत्रं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो कागद पिवळा पडतो, शेजारच्यालाही डागाळतो. त्यासाठी आम्लरहित कागदच घ्या.