गेज बसलं, तरी डबा घासला

तुमच्या मॉडेल रेल्वेतल्या सिमेंट कारखान्याचा फोटो पाहिला आणि पोटात कालवलं. वळणाच्या आतल्या बाजूला इमारत, पायाभोवती खडी-गवत सगळं पक्कं, आणि आता लांब वाघीण (मालडबा) माल चढवायच्या धक्क्याला घासतेय. धक्का कानशीने थोडा घासून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका घासू. मी नेमकं हेच केलं होतं.

माझी एचओमधली, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाच्या मापातली, गिरणी होती. तिच्या गोदामाची भिंत आणि बाहेरचा लोखंडी जिना मेन लाइनच्या वळणाला अगदी लागून. वळणाची त्रिज्या ५५९ मिमी, म्हणजे २२ इंच. चिकटवण्याआधी मी एनएमआरएचं (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचं) धातूचं गेज, म्हणजे रुळाभोवती किती जागा मोकळी हवी ते तपासायचा पत्रा, रुळावर उभं करून पूर्ण वळणभर फिरवलं होतं. कुठेच अडलं नाही. चाळीस फुटी (खऱ्या रेल्वेच्या मापाने) वाघिणीही सुखरूप गेल्या. मग बिनधास्त बांधकामाचा कडक गोंद लावला, खडी पसरली, दिव्यांच्या तारा खालून थेट डाग देऊन जोडल्या. दोन महिन्यांनी ८५ फुटी प्रवासी डबे आणले. पहिल्याच फेरीत जिना तुटला आणि डबा रुळावरून उतरला.

चूक कुठे झाली हे कळायला मला फार वेळ लागला. गेजवरची ती बाह्यरेषा सरळ रुळासाठी असते. गेज म्हणजे नुसता पत्रा, त्याला लांबी नाही. डब्याला आहे. वळणावर डब्याचा मधला भाग आत सरकतो आणि दोन्ही टोकं बाहेर फेकली जातात. मधला भाग किती आत येतो, ते काढता येतं: दोन बोग्यांच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांतल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट. माझ्या डब्यात ते अंतर सुमारे २०८ मिमी. म्हणजे पोट जवळजवळ १० मिमी आत. चाळीस फुटी वाघिणीत तेच अंतर १०५ मिमीच्या आसपास, म्हणून ती जेमतेम अडीच मिमी सरकते. छोट्या वाघिणी जात होत्या यात काहीच नवल नव्हतं. इमारत वळणाच्या बाहेरच्या बाजूला असती तरी सुटका नव्हती, कारण त्याच डब्याची टोकंही साधारण तेवढीच बाहेर येतात.

मग मी कानस घेतली. भिंतीची कड वाकडी झाली, रंगाखालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं, आणि डबा तरीही घासत होताच. शेवटी इमारत उपटायला गेलो तर लेआउटच्या पायाचा फोम ढेकळांसकट वर आला आणि भिंत कोपऱ्यात तडकली. किट बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं की फक्त त्या एका भिंतीची फ्रेम द्या, पैसे देतो. तीन पत्रांनंतर उत्तर आलं, पूर्ण किट घ्या. अजून राग येतो. साचा त्यांच्याकडे, प्लास्टिक त्यांचं, आणि एका भिंतीसाठी माणसाने अख्खा कारखाना पुन्हा घ्यायचा? ती भिंत मी शेवटी पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून कापून केली.

तुम्ही पांढरा गोंद वापरला असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, कागदी रुमाल भिजवून पायाभोवती ठेवा, गोंद मऊ होऊ द्या, मग पातळ सुरी हळूहळू सरकवा. घाई केली की फोम फाटतो. गोंद दुसरा असेल तर इमारतीला हात लावू नका, खालच्या फोमसकट चौकोन कापून काढा.

परत बसवताना इमारत चिकटवूच नका. हे माझं ठाम मत आहे. प्रदर्शनासाठी लेआउट (रुळांसकट अख्खा देखावा) हलवणारे वेगळं सांगतील, त्यांची अडचण मला मान्य आहे. पण घरच्या लेआउटवर ३ मिमी प्लायचा तुकडा पाया म्हणून फोममध्ये रुतवावा, त्यावर इमारत नुसती ठेवावी, फट मोकळ्या खडीने आणि गवताने बुजवावी. तारांना खाली प्लग हवाच.

जागा ठरवायला सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना, जिथे तो सर्वांत रुंद आहे तिथे, पेन्सिल चिकटवा. वळणावर कागद अंथरून डबा हाताने ढकला. ज्या रेषा उमटतील त्यांच्यापलीकडे निदान ३ मिमी सोडा. मग पुठ्ठ्याचा ठोकळा त्या जागी महिनाभर ठेवून गाड्या चालवा. कारखाना मागे सरकवायला जागा नसेल तर त्याची खोली (पुढून मागेपर्यंतचं माप) कमी करा. खरा ३०० मीटरचा कारखाना एचओमध्ये साडेतीन मीटरच्या आसपास होतो, तो तसाही कुणी पूर्ण बांधत नाही. मागच्या भिंतीला टेकवलेला नुसता दर्शनी भाग, वर दोन सायलो (सिमेंट साठवायच्या उंच टाक्या) आणि धुराडं, एवढ्यात काम भागतं.

इमारत काढलीच आहे तर आतून काळा रंग मारून घ्या, नाहीतर दिवा लावल्यावर भिंती उजळतात. सिमेंटच्या धुळीसाठी पावडर वापरणार असाल तर गरजेपेक्षा जास्त लावा, मॅट वार्निशच्या फवाऱ्याखाली ती निम्मी दिसेनाशी होते. आणि तो फवारा उघड्या फोमजवळ नको, फोम विरघळू शकतो.

हे सगळं माझ्या एचओच्या अनुभवावरून आहे. एन स्केलमध्ये (एचओहून लहान मापात) आकडे बदलतील, सूत्र तेच. तुमच्या सर्वांत लांब वाघिणीच्या बोग्यांमधलं अंतर आणि वळणाची त्रिज्या इथे लिहा, धक्का किती मागे घ्यायचा ते मी काढून देतो.