साक्ष आईची, अर्ज मुलीचा

ऐरोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी सोळा वर्षांची, दहावीला ८१ टक्के. मे महिन्यात लोणावळ्याला तीन आठवड्यांच्या ख्रिस्ती सेवा-प्रशिक्षण शिबिराला जाऊन आली. ती परतल्यावर पहिल्याच रविवारी आईंनी चर्चच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगितला : 'मी माझी लेक प्रभूच्या सेवेला दिली.' तिकडे वडील नीटच्या क्लासची फी भरून बसलेत. आई विचारतात, अकरावी-बारावीत दोन वर्षं घालवण्यापेक्षा तिला सरळ बायबल कॉलेजला पाठवलं तर?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र चार पानी आहे. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) काय म्हणाले, चर्चच्या मंडळीतल्या बायका कशा रडल्या, नणंद काय म्हणेल, सगळं आहे. मुलीने शिबिरात काय केलं, याची मात्र एक ओळ नाही. तिलाही चार ओळी लिहायला सांगितल्यात हे बरं झालं, पण त्या तुम्ही वाचलेल्या दिसत नाहीत.

ती लिहिते, शिबिरात प्रत्येकाला तीन मिनिटांची साक्ष तयार करायची होती : आधी मी कशी होते, मग काय घडलं, आता कशी आहे. तिला 'आधी'च सुचेना. संडे स्कूलमध्ये वाढलेली पोर, ती काय सांगणार? मग तिने आपला रागीटपणा थोडा फुगवून लिहिला, आणि ते तिला अजून टोचतंय. दुसरी आठवण वस्तीतल्या मुलांपुढे केलेल्या मोज्याच्या बाहुल्याच्या खेळाची. पुढे बसलेला एक चिमुरडा बाहुल्याला सारखा विचारत होता, 'तू जेवलास का?' हिने पाठ केलेले संवाद सोडले आणि बाहुल्याच्या आवाजात त्याच्याशीच बोलत बसली. पाऊण तास एकही पोर उठलं नाही. 'तेव्हा मला खूप मस्त वाटलं.' बस, एवढंच. सेवा, पाचारण (देवाची हाक) हे शब्द तिच्या ओळींत कुठेच नाहीत.

तुम्ही बायबलमधल्या हन्नाचा दाखला दिलात, तिने आपला मुलगा शमुवेल देवाला वाहिला होता म्हणून. मी ख्रिस्ती नाही, पण ती गोष्ट मला ठाऊक आहे. पुढचा भागही आठवा. रात्री हाक आली ती शमुवेलाला, त्याच्या नावाने. मंदिरातल्या म्हाताऱ्या एली याजकाने त्याला दोनदा 'जा, झोप' म्हणून परत पाठवलं. हाक कुणाची आहे हे त्याच्याही तिसऱ्या वेळी लक्षात आलं. तुम्ही पहिल्याच रविवारी उभ्या राहिलात.

रागावू नका. माझ्या ठाण्याच्या करिअर-सल्ल्याच्या ऑफिसात मुलाला आठवीत आयआयटीला वाहून मोकळे झालेले बाप दर आठवड्याला येतात. तुमच्यात आणि त्यांच्यात मला फार फरक दिसत नाही. उलट तुमच्या मुलीची अडचण मोठी. क्लास सोडता येतो. अख्ख्या मंडळीसमोर आईने दिलेला शब्द सोळा वर्षांची मुलगी कसा मोडणार?

आता तुमचा गैरसमज. देवाच्या कामाला शिक्षण कशाला, असं तुम्ही लिहिलंय. दहावीवर घेणारे छोटे प्रमाणपत्र वर्ग असतात, पण मान्यताप्राप्त पाळक होण्याचा रस्ता तो नव्हे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही धर्मशास्त्राची पदवी चालते. ती देणाऱ्या बंगालमधल्या सेरामपूरचं कॉलेज १८१८ सालचं, पदवीची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिलेली. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर चार. पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकता येतं. ग्रीक-हिब्रूशी गाठ पडते, निबंध लिहावे लागतात. शिबिराचं प्रमाणपत्र तिथे बारावीच्या जागी चालत नाही. तुमची मंडळी कोणती ते कळलं नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात, कॅथलिक चर्चमध्ये नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर तिला ढकलताय, त्यालाही बारावी लागतेच.

नीटबद्दल वडिलांना एवढंच सांगा : तिने मागितलेली नाही, फीचा पुढचा हप्ता थांबवा.

पोरांना पाऊण तास बसवून ठेवणं सगळ्यांना जमत नाही. हा धागा धरला तर बारावीनंतर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका आहे, चार वर्षांची एकात्मिक बी.एड. आहे, मानसशास्त्र आहे, समाजकार्य आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली नागपाड्याच्या वस्तीतल्या कामातून उभी राहिली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. तुम्हाला सेवा आणि करिअर वेगळी वाटतात, म्हणून सांगितलं. तिला तिथेच जायला लावा असं नव्हे.

पाळकसाहेबांना एकट्याने भेटा आणि सांगा, मी घाई केली, मुलीला वेळ हवाय. समजूतदार असतील तर त्यांना हायसंच वाटेल. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात शाखा तिला स्वतः भरू द्या, कला म्हणाली तर कला. आणि त्या फुगवलेल्या साक्षीबद्दल तिला बोलायचं असेल तर एखाद्या शनिवारी घेऊन या. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं.